शेगडीवरचं झाकण

"हीच म्हातारी!" मॅडमनी हातातला खडू टेबलावर आपटला. "गेल्या वर्षी हीच, त्याच्या आधी हीच, आणि आज पुन्हा हीच! थकत कशी नाही ही बाई?"

वर्गात कोणी हसलं नाही. मॅडमना मुलं पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि तोफेच्या तोंडी आपणहून कोण जाणार?

विषयाचं नाव लांबलचक होतं, ग्राहककेंद्री नवनिर्मिती. काम मात्र साधं. इंजिनिअरिंगच्या मुलांनी चौघाचौघांचे गट करायचे, एखादं खरं माणूस गाठायचं, त्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकायची आणि मग त्यावर काहीतरी बनवायचं. मुलं नेमकं ऐकायचं तेवढंच गाळत. आधी यंत्र ठरवत आणि मग त्या यंत्राला शोभेल असा ग्राहक घरबसल्या जन्माला घालत. हा ग्राहक दरवर्षी एकच निघे: गुडघे दुखणारी, एकटी राहणारी आजी. फोटो इंटरनेटवरून उचललेला, त्यात ती बत्तीशी दाखवून हसत असे. कोणी तिच्यासाठी बोलणारी काठी करी, कोणी गोळ्यांची आठवण देणारा डबा. यंदा एका गटाने कमरेचा पट्टा आणला होता. आजी पडली की मुलीच्या फोनवर घंटा वाजणार.

"ही राहते कुठे?" मॅडमनी विचारलं. "पत्ता द्या. मी जाऊन भेटते."

पट्टेवाल्या गटाचा प्रमुख उभा राहिला. पोरगा कशालाही 'हो मॅडम' म्हणायचा, म्हणून त्याला सगळे होयबा म्हणत. "मॅडम, आम्हाला वाटलं की—"

"वाटलं?" तोफ उडाली. "तो शब्द माझ्या वर्गात चालत नाही, किती वेळा सांगायचं? वाटलं म्हणजे विचारलं नाही! डॉक्टर पेशंटला न बघता कापायला घेतो का? लोकांच्या पोटात शिरून तुम्हीच परस्पर ठरवता, यांना भूक लागलीय म्हणून!"

त्याच गटातली एक मुलगी मागून म्हणाली, "मॅडम, विचारायला गेलो होतो. बागेतल्या आजीबाईंनी आम्हाला हाकलून दिलं. म्हणाल्या, काहीतरी विकायला आलात." या मुलीच्या जिभेला हाड नव्हतं. वर्गात तिचं नाव मिरची.

"मग माझ्या घरी या," मॅडम रागाच्या भरात म्हणाल्या. "शनिवारी. माझी आई आहे. खरी बाई, खरे गुडघे. आणि मी घरात थांबणार नाही. घरचं माणूस समोर असलं की ग्राहक खरं बोलत नाही, हे मीच तुम्हाला शिकवलंय."

शनिवारी पोरं आली. मॅडमनी आईला बजावलं, "आई, संकोच करू नकोस. काय अडतं ते खरंखरं सांग." मग पिशवी घेऊन त्या भाजीला गेल्या आणि उगाच दोन रस्ते जास्त हिंडल्या. परत आल्या तेव्हा आई खुशीत होती, गालांवर लाली चढली होती. पोरं मात्र चपलांकडे बघत होती. होयबाने तर हो मॅडमसुद्धा म्हटलं नाही. 'दमली असतील,' असं म्हणून मॅडमनी तो विषय सोडला.

पुढच्या तासाला सगळ्या गटांपुढे मांडणी होती. होयबाचा घसा बसला होता, निदान तो तसं म्हणाला, म्हणून मिरची पुढे आली. पडद्यावर पट्टा नव्हता. पडद्यावर एका शेगडीचा फोटो होता. शेगडीच्या बटणांवर ॲल्युमिनियमचं झाकण होतं आणि झाकणाला कुलूप.

मॅडमनी ते झाकण ओळखलं. ओळखणारच. याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी स्वतःच्या हातांनी पत्रा कापला होता, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, आईच्या बोटांना लागू नये म्हणून. त्या झाकणाचा त्यांना अभिमान होता.

"वस्तू सुबक आहे," मिरची म्हणाली. "काम चोख आहे. पण ज्या बाईसाठी ती केली, तिला कोणी विचारलं नव्हतं. आम्ही पट्टा दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, पडले की मुलीला कळवायचं यंत्र कशाला, मी उभी आहे हेच तिला दिसत नाही. मग त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. म्हणाल्या, मुलगी चावी घेऊन कॉलेजला जाते, सकाळचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवते. दुपारी तो प्यायचा. तुम्ही आलात, तर तुम्हाला कपभर चहा करून द्यायचीही मला सोय नाही. स्वतःच्या घरात मी आश्रितासारखी झाले."

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुरे! तुम्हाला काय ठाऊक आहे? दुधाचं भांडं जळून कोळसा झालं होतं. घरभर धूर. शेजाऱ्यांनी दार ठोठावलं म्हणून निभावलं. दिवसभर मी इथे तुमच्याशी डोकं फोडत असते, तिकडे तिला काही झालं तर? तिला आता लक्षात राहत नाही. मला वाटलं—"

शेवटच्या बाकावरून कोणीतरी सवयीने म्हणालं, "वाटलं?"

आणि मग त्यालाच घाम फुटला.

"भांडं जळलं तेव्हा आजी फोनवर होत्या, मॅडम," मिरची हळू म्हणाली. "विसरल्या नव्हत्या. त्या दोनदा म्हणाल्या, दूध ठेवलंय, फोन ठेवते. पलीकडचं माणूस ऐकेना. त्याचं आपलं चाललं होतं, ही पोरं ग्राहकाचं ऐकूनच घेत नाहीत म्हणून."

मॅडमना तो फोन आठवला. मधल्या सुट्टीतला. आई दोनदा काहीतरी म्हणाली होती खरी, आणि आपण म्हणालो होतो, 'अगं, आधी माझं ऐक.'

होयबा घाईघाईने उठला. घसा एकदम मोकळा झाला होता. "मॅडम, आम्ही हे काढून टाकतो. पट्टाच करतो. पट्टा जवळजवळ तयार आहे."

"काढून टाकतोस?" आता मॅडमना खरोखरच संताप आला, आणि तो नक्की कोणावर हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं काढून टाकतोस? कोणाला भिऊन?"

"तुम्हाला," होयबा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने हो सोडून दुसरं उत्तर दिलं असेल.

"आणि उपाय?" मॅडमनी मिरचीला विचारलं. "अडचण सांगितलीस. उपाय कुठे आहे?"

"आणला नाही. आजींनी आणू दिला नाही. म्हणाल्या, यंत्रबिंत्र नंतर बघू. आधी ती माझ्याशी बोलू दे."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण वर्गात प्रत्येकाच्या डोक्यात आली असणार, कारण कोणीच मॅडमकडे बघत नव्हतं. मॅडमनी तास तिथेच संपवला.

घरी पोचेपर्यंत राग निवायला हवा होता. उलट तो वाटेत तापत गेला. दार उघडल्या उघडल्या त्या कडाडल्या, "चार पोरांपुढे माझ्या अब्रूचं खोबरं केलंस! मला सांगता येत नव्हतं?"

आई खुर्चीत बसली होती. तिने चष्मा काढला. "तुला? तुला सांगायला वेळ घ्यावी लागते, आणि ती वेळ तू देत नाहीस. ती पोरं माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. 'आजी, मग काय झालं?' असं विचारत होती. किती दिवसांत मला कोणी 'मग काय झालं' विचारलं नव्हतं."

पर्समधून चावी काढून मॅडमनी आईपुढे धरली. "घे. आजपासून तुझ्याकडे."

आईने हात पुढे केला नाही.

"चावी कशाला देतेस? मी काय उद्यापासून स्वतःलाच कुलूप लावू आणि स्वतःच उघडू? झाकण काढ."

"आणि पुन्हा भांडं जळलं तर?"

"जळलं तर जळलं! तू या शेगडीवर काय कमी भांडी जाळलीस? तुझ्यामागे मी कुलूप घेऊन उभी राहिले का?" आईचा आवाज चढला. मॅडमना वाटायचं, आईला अलीकडे राग येत नाही, ती शांत झालीय. शांत कसली? तिने तो गिळून ठेवला होता.

मॅडम स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेगडीपाशी वाकल्या. झाकण पक्कं बसवलेलं होतं, कोणालाही सहज निघू नये असंच. एक स्क्रू इतका आवळला होता की मनगट दुखलं. स्वतःच्या कारागिरीला त्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या. झाकण निघालं तेव्हा खाली बटणं नव्यासारखी कोरी होती.

"आता बाहेर जा," आई म्हणाली.

"अगं, मी फक्त इथे उभी—"

"बाहेर. माझ्या पाठीमागे पहारा नको."

मॅडम बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. आत भांडं घासल्याचा, मग नळाचा आवाज आला. लायटर वाजला. शेगडी पेटली नाही. पुन्हा वाजला. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या, तोंडापर्यंत हाक आली. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून त्या परत खाली बसल्या.