शेवटचा नंबर

फुगा तादेओच्या हातातून निसटला आणि थेट खळीच्या पातेल्यात पडला. मैद्याची कोमट, चिकट खळ टेबलावर, त्याच्या नाकावर आणि आजीच्या चष्म्यावर उडाली. त्याला ते इतकं आवडलं की त्याने फुगा उचलून पुन्हा टाकला.

"आता टाकलास तर तुलाच कागद चिकटवून दोरीला टांगीन," येसेनिया म्हणाली.

"टांग ना, आई! माझ्या पोटात शेंगा भर! गोळ्या पण!"

त्याची बहीण नायेली हसली नाही. ती वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडत होती, सगळ्या दोन बोटं रुंद. नऊ वर्षांची पोर, पण चेहरा असा की जणू पूल बांधायला घेतलाय.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याच अंगणात जमायची, डोळे बांधून काठीने पिन्याता, म्हणजे खाऊ भरलेला टांगता कागदी तारा, फोडायला. सर्वांत लहानाचा नंबर आधी, मग चढत्या वयाने बाकीच्यांचे. ही रीत कुणी मोडत नसे. आणि बारा पोरांत नायेली थोरली. गेल्या वर्षी बाजारातून आणलेली पिन्याता पाचव्याच पोराने फोडली होती, त्याच्या आदल्या वर्षी तिसऱ्याने. नायेलीच्या हातात काठी कधी आलीच नव्हती. म्हणून या खेपेला तिने हट्ट धरला होता, पिन्याता घरीच करायची.

"तीन थर पुरेत," चष्मा एप्रनला पुसत येसेनियाच्या सासूबाई, एल्वीराआजी, म्हणाल्या. "जास्त दिलेत तर फुटायची नाही, आणि गल्ली वर्षभर हसेल."

"तीनच?"

"आमच्या वेळी तर आत मातीचं मडकं असायचं. एक फटका की खलास. आठ भावंडांत मी थोरली. माझ्यापर्यंत नुसती खापरं यायची."

"मग तू रडायचीस, आजी?"

"रडायला वेळ कुणाला होता? धाकट्यांच्या केसांतली खापरं वेचायची असत."

तीन थर झाले. पुठ्ठ्याची सात शिंगं चिकटली आणि फुग्याचा तारा झाला. येसेनियाने तो गच्चीवर कपड्यांच्या दोरीला टांगला. डिसेंबरातलं ते कोरडं ऊन दोन दिवसांत लाकूडसुद्धा तडकवतं. पण चौथ्या दिवशी तिने बोट लावलं, तर तारा ओलाच.

"हवा दमट आहे," चादरी वाळत घालता घालता सासूबाई म्हणाल्या.

"असेल," येसेनिया म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी तारा एकदाचा वाळला. नायेलीने आतला फुगा सुईने फोडला तेव्हा तादेओ आनंदाने किंचाळला. मग रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, आणि वरच्या भोकातून शेंगा, उसाचे करवे, लहान लहान संत्री, गोळ्या. तारा मायलेकी दोघींनाही उचलवेना.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे फेर्मीनकाका दोरीचं टोक धरून भिंतीवर चढून बसले. अडीच वर्षांची मिरेया पहिली. ती काठी टाकून पिन्यातेचा पापा घेऊन परत आली. मग एकेक.

"वर! वर मार!"

"डावीकडे! अरे, तुझं डावं कुठलं?"

"फेर्मीनकाका, दोरी ओढू नका, हे चीटिंग आहे!"

पाचवा गेला. आठवा गेला. एक शिंग वाकलं. बेकरीवाल्याचा दांडगा बाउतिस्ता अकरावा. त्याने दोन शिंगं उडवली, आणि नायेलीने येसेनियाचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. तारा गरगर फिरला. थांबला. फुटला नाही.

"माझा नंबर," नायेली म्हणाली. तिलाच ते खरं वाटत नव्हतं. मग ओरडली, "आई! माझा नंबर आला!"

पहिला फटका हवेत. दुसरा निसटता. तिसऱ्याने झिरमिळ्यांचा पट्टा सोलून निघाला आणि आतून निळ्या रेघांचा कागद दिसला, त्यावर नऊचा पाढा. तिच्याच अक्षरात.

अंगणभर हशा पिकला. नायेलीने डोळ्यांवरची पट्टी वर करून पाहिलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. "मी दोनच थर जादा दिलेत, आई. शपथ."

"आता मोठी माणसं!" फेर्मीनकाका वरून ओरडले. "तीच रीत, लहान आधी! येसेनिया, ये!"

येसेनियाने असा टोला हाणला की वह्यांचे कागद लोंबू लागले. खालून खाकी कागद डोकावला.

"अहो, ही तर माझ्या दुकानाची पिशवी!" बेकरीवाला म्हणाला.

नायेलीने आईकडे पाहिलं. "तू पण?"

"गप्प बस," येसेनिया म्हणाली. तिला हसू आवरेना.

बेकरीवाल्याने काठी घेतली आणि आपल्याच पिशव्या फाडल्या. खाली चकचकीत कागद होता. त्यावर तांबड्या अक्षरांत तारखा, आणि प्रत्येक तारखेखाली एका संताचं नाव. मार्च. जून. हे कॅलेंडर घरात एकाच भिंतीवर असे, सासूबाईंच्या पलंगाशी.

फेर्मीनकाकांनी दोरी बेकरीवाल्याकडे दिली, खाली उतरून आपले तीन फटके मारले आणि धापा टाकत काठी टेकवली. तारा अजून डुलत होता. "झालं. आता कोण उरलं?"

येसेनिया वळली. एल्वीराआजींनी चष्मा काढून तादेओच्या हातात दिला होता. खांद्यावरची शाल त्या घडी घालत होत्या, लांब, पट्टीसारखी. गल्लीत त्यांच्याहून थोरलं कुणी नव्हतं.

"जोरात फिरव हं," त्या म्हणाल्या. "लहान पोरांना फिरवतेस तसं."

येसेनियाने शालीची गाठ मारली आणि त्यांचे खांदे धरून त्यांना तीनदा गरकन फिरवलं. नायेलीने काठी त्यांच्या हातात दिली. आजींच्या शालीच्या काठाला वाळलेली खळ अजून पांढरी दिसत होती. नायेलीने ती पाहिली आणि दोरी धरलेल्या बेकरीवाल्याकडे धावली.

"काका," ती हळूच म्हणाली, "दोरी थोडी खाली सोडा ना."

"काही नको," शालीआडून आजी म्हणाल्या. "वरच राहू दे."

आणि त्यांनी काठी खांद्यामागे नेली.