काटकपणा आठ

मी कथलाची बाई बोलतेय. उंची अंगठ्याएवढी, हातात तलवार, खांदे मात्र पैलवानाला लाजवतील असे. चीड आली आहे म्हणून बोलतेय. एरवी मी गप्प उभी राहणाऱ्यांतली.

वितळलेलं कथील साच्यात ओतलं आणि माझा जन्म झाला. मला विकत घेतलं ते चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने. घरचे तिला चिमणी म्हणतात. काचा बसवणारा हात तिचा. भिंग लावून तिने माझ्या भुवयासुद्धा रंगवल्या.

रविवारी दुपारी तिच्या दादाकडे जेवणाच्या टेबलावर पट मांडला जायचा. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा. खेळ तोच चालवायचा. गोष्ट त्याची, राक्षस त्याचे, आणि राक्षसांचे फासे तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा. खेळायला चिमणी, वहिनी आणि शेजारचे पोहणं शिकवणारे मास्तर. प्रत्येकाचं एक पात्र, पटावर त्याची एक बाहुली. चिमणीचं पात्र म्हणजे मी.

पात्र घडवताना गुण वाटायचे असतात. ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे. त्यातलाच एक काटकपणा. लोकांना वाटतं, ताकद असली की तब्येत आलीच. कसली येते! ताकद म्हणजे मार देणं, काटकपणा म्हणजे मार खाऊन उभं राहणं. पात्र एकेक पायरी चढतं तसे फासा टाकून त्याला नवे प्राण मिळतात. काटकपणा चांगला असेल तर वर थोडी भर पडते, कमी असेल तर हातात आलेल्यातूनच कापून घेतात. तेही दर पायरीला.

चिमणीने चपळाईला भरभरून दिलं, बुद्धीला दिलं, आणि काटकपणाला ठेवले आठ; साधारण माणसाचेही दहा धरतात. मास्तर म्हणाले, हिला वारा लागला तरी आडवी होईल. दादा नुसता पेन्सिल चावत राहिला.

"राहू द्या," चिमणी म्हणाली. "एवढ्यावर जगता येतं. मला माहीत आहे."

ते खरंच होतं. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं तिचं दप्तर खांद्यावर घेऊन दादाच जिने चढायचा. वहिनीने मास्तरांना सांगितलं तेव्हा मला हे कळलं.

सुरुवातीला मजा आली. प्राण बेताचे, म्हणून डोकं चालवावं लागे. खांबाआड लपायचं, मागून वार करायचा, पळायचं. मग हळूहळू मला काही लागेनासंच झालं. राक्षस माझ्या शेजारून जाऊन मास्तरांना बडवायचे. मास्तर कुरकुरले, "माझ्यावरच यांचा एवढा जीव का?"

मी आडोशाच्या कडेला उभी असायची. मला फासा दिसायचा. वीस बाजूंच्या त्या फाशावर राक्षसाला अख्खे वीस पडले तरी दादा म्हणायचा, "चुकला." कथलाच्या तोंडाने ओरडता येत नाही, नाहीतर घर डोक्यावर घेतलं असतं. हातात तलवार आणि अंगावर ओरखडा नाही! मग बाहुल्यांच्या दुकानाच्या काचेत काय वाईट होतं?

एका रविवारी चिमणी पाणी आणायला उठली आणि परतताना दादाच्या पाठीमागून आली. राक्षसाने माझ्यावर गदा उगारली होती. फासा पडला.

"चुकला," दादा म्हणाला.

"लागला," चिमणी मागून म्हणाली.

वहिनीने मान खाली घातली. म्हणजे तिला माहीत होतं. दादा आधी म्हणाला, आकडा नीट दिसला नाही. मग म्हणाला, सवय झालीय गं.

चिमणीने आवाज चढवला नाही. "ऑपरेशन झालं तेव्हा मी सात वर्षांची होते, दादा. इथे काटकपणाला आठ मी मुद्दाम घेतले. तू मला मरूच देणार नसशील, तर इतके महिने खेळलं कोण?"

तिने आडोसा मिटून खुर्चीखाली सरकवला. मार किती बसला ते ठरवणारा फासा दादाला हातात घ्यावाच लागला. बराच वेळ तो मुठीतच खुळखुळवत बसला. माझे नऊ प्राण उरले होते. मार बसला अकराचा. दर पायरीला कापून घेतलेले प्राण हाती असते तर तगले असते.

चिमणीने मला बोटाने आडवं केलं. दादाचे डोळे भरले होते आणि ही बाई नवं पात्र काढायला बसली होती.

"काटकपणा किती?" त्याने विचारलं.

"आठ. आणि फासे टेबलावर."

आता पटावर नवी बाहुली आहे आणि मी डबीत, कापसात. बाहेरचे फासे ऐकू येतात, मास्तरांचं हसणं ऐकू येतं, आणि इथे माझी तलवार वाकत चालली आहे. खरा मार मिळाला तो एकदाच, आणि त्यातच खेळ खलास! बाहेर काढा हो मला कुणीतरी. राणी नको, दारावरची पहारेकरीण करा. काटकपणा हवा तर तीन द्या. फक्त माझ्यावर धावून येणाऱ्याने मला मारायलाच यावं.