पॅसेजमधले पुरावे

रखमा गेली चैत्रात. पण ती खरोखर गेली हे लवू घाडीला कळलं ते तेराव्यानंतरच्या रविवारी, सुनेच्या हातातला फोन बघून.

कव्हर नवं होतं. पण काचेचा कोपरा तडकलेला होता. तो रखमाने रागाने फोन ओट्यावर आपटला तेव्हाचा.

"हा तिचा ना?"

"हो बाबा," वैभव म्हणाला. "नुसता पडून होता. रिसेट मारून आकांक्षाला दिला. सिमपण बंद करून टाकलं."

"रिसेट म्हणजे?"

"म्हणजे आतलं सगळं साफ."

लवू बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. जन्मभर गर्दीवर ओरडलेला गळा. त्या दिवशी तो मुलावर असा ओरडला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. "आईक जाळलंस ती जाळलंस, तिचो आवाजय जाळलंस?"

वैभवही बापाचाच मुलगा. "आता आवाज आठवला? ती व्हिडिओ दाखवायला यायची तेव्हा टीव्ही मोठा करायचात तुम्ही."

"चालता हो. परत या दारात पाय ठेवू नको."

आकांक्षाने दारात चपला घालता घालता तेवढं सांगितलं. "बाबा, घरच्या कॉम्प्युटरवर आईंचं खातं अजून उघडं आहे. मोठ्या पडद्यावर दिसावं म्हणून मीच उघडून दिलं होतं. व्हिडिओ आपोआप तिथे जमा झालेत. हा बाण दाबला की सगळे उतरतील. पण खातं बंद होऊ देऊ नका. परत उघडायचं तर ओटीपी आईंच्या नंबरवर जाणार."

तो नंबर तर गेलाच होता. म्हणजे रखमाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पलीकडे कुठेतरी.

आणि ते व्हिडिओ तरी कसले! नातवंडांचे नाहीत, सणावाराचे नाहीत. चाळ पाडून करी रोडला हा टॉवर उभा राहिला, तेव्हा शेजारी राहायला आले मनमोहन धुरंधर. गिरगावातली जागा विकून आलेले, बँकेतून निवृत्त, बोलणं इस्त्री केलेलं. त्यांनी पॅसेजमध्ये चपलांचा स्टँड ठेवला, मग कुंड्या, मग मातीची गोण. रखमा त्याच पॅसेजमध्ये सुकट वाळत घालायची. मग काय, जुंपली. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा वैतागून म्हटलं, पुरावा आणा. तेव्हापासून रखमा रोज फोन घेऊन दारात. "बगा, बगा. परत चपलांचो बाजार मांडल्यान. ह्यो पॅसेज ह्येच्या बापाशीचो असा?" व्हिडिओत दिसायचे मनमोहनचे बूट, आणि मागे रखमाचा आवाज.

लवूने बाण दाबला. निळी पट्टी पुढे सरकायला लागली. अर्ध्यावर आली आणि थांबली. नेटवर्क गेलं.

थोड्या वेळाने आपोआप आलं. त्याने परत बाण दाबला. पट्टी पहिल्यापासून सुरू. परत गेलं.

मग लवूने जे जे लोक करतात ते ते केलं. मोडेमची पिन काढली, फुंकली, लावली. मोडेम बंद केला, चालू केला. कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "सर, ब्राउझरची हिस्टरी पूर्ण साफ करा."

"साफ हा शब्द परत काढशील तर बघ," लवूने फोन आपटला.

कॉम्प्युटर त्याने बंद केलाच नाही. त्याच्यासमोरच जेवायचा, तिथेच बसल्या बसल्या डुलकी काढायचा. आणि बघता बघता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. बाहेर धुरंधरांचं सेफ्टी डोअर धाडकन लागलं की पट्टी थांबते. दूधवाला आला, धाड, गेलं. धुरंधर फिरायला निघाले, धाड, गेलं. मग तर शंकाच नको. व्हिडिओ कोणाविरुद्ध आहेत? धुरंधरांविरुद्ध. ते उतरू नयेत असं कोणाला वाटेल?

लवूने त्यांची बेल दाबली, ती सोडलीच नाही.

"ओ धुरंधर, वायरीला काय करून ठेवलंय? तुमचं दार लागलं की माझं इंटरनेट जातं."

मनमोहन चष्म्यावरून बघत राहिले. "माझ्या दाराने? मग नळाला पाणी कमी येतं तेही माझ्याच दाराने असेल."

"रखमा गेली म्हणून सुटलात असं समजू नका."

"गेलेल्या माणसाबद्दल मला बोलायला लावू नका, घाडी. माझ्या मिसेसला दमा आहे. तुमच्या सुकटीच्या वासाने तिने दार उघडायचं सोडलं होतं."

"सुकटीचा वास! पाठारे प्रभू ना तुम्ही? मासे काय अत्तर लावून खाता?"

मनमोहनचा चेहरा लाल झाला. "चला. सिद्ध करा. मी दार लावतो, तुम्ही आत बघा. नाही गेलं तर इथेच, सगळ्यांसमोर माफी मागायची."

त्यांनी दार लावलं. गेलं. "योगायोग," मनमोहन म्हणाले. नेटवर्क परत आल्यावर पुन्हा लावलं. पुन्हा गेलं. मग ते तरातरा लवूच्या घरात शिरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता तुम्ही लावा. मला डोळ्यांनी बघू दे."

लवू बाहेर गेला. शेजाऱ्याचं दार इतक्या हौसेने कोणी आपटलं नसेल. भिंत हादरली.

"घाडी, आत या," मनमोहनचा आवाज आला. "फोटो हलतोय."

दक्षिणेच्या भिंतीवर रखमाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेलाच लावायचा. वैभव म्हणाला होता, खिळा नको, चिकटवायचा हुक आणतो. लवूने ऐकलं नव्हतं. तुझी आई काय कॅलेंडर आहे का चिकटवायला, म्हणून स्वतः हातोडी घेऊन ठोकला होता. पलीकडे धुरंधरांचं घर, भिंत दोघांची एकच.

लवूने फोटो उतरवला. खिळ्याच्या बुडाशी पांढऱ्या वायरीचं साल दिसत होतं. तेव्हा त्याला आठवलं. वायर भिंतीवरून लोंबते, वाईट दिसते म्हणून रखमानेच कटकट केली होती, आणि वैभवने रंगाच्या वेळी ती पुट्टीखाली घातली होती. खिळा बरोबर तिच्यातून गेला होता. दार आपटलं की फोटो हलायचा, फोटो हलला की खिळा.

"ओढू नका," मनमोहन म्हणाले. "आहे तसा राहू द्या. दार मी लावत नाही, आधी तुमचं काम होऊ दे."

धुरंधर सांगतोय आणि लवू ऐकतोय, हे व्हायचं नव्हतं. त्याने पक्कड आणली आणि खिळा ओढला. त्याबरोबर वायर तुटून बाहेर आली. मोडेमवर लाल दिवा लागला, तो लागलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी केबलवाला आला. त्याने दारावरून नवी वायर टाकली. नेटवर्क आलं. लवूने बाण दाबला तर पान बदललं. खातं तुमचंच आहे याची खात्री करा, नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

"नंबर कोणाचा?" केबलवाल्याने विचारलं.

"बायकोचा."

"मग विचारा ना तिला."

लवूने त्याच्याकडे असं बघितलं की तो पिशवी उचलून निघूनच गेला.

मनमोहन दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"गेले सगळे?"

"तुम्हाला बरंच झालं."

"मूर्खासारखं बोलू नका. सेक्रेटरीने पुरावा फक्त तुमच्याकडूनच मागितला होता असं वाटतं का तुम्हाला? तुमची बायको माझ्या बुटांचे व्हिडिओ काढायची, मी तिच्या सुकटीचे. माझ्या फोनमध्ये आहेत. शिव्या आहेत सगळ्या. आवाज अगदी स्पष्ट आहे."

लवूने मान वळवून कॉम्प्युटरकडे बघितलं.

"हवे असतील तर मागा. पण तोंडाने मागायचे, घाडी. आणि वायरीला मी काहीतरी केलं म्हणालात, ते आधी परत घ्यायचं."

"तुमची गोण उचला पॅसेजमधून," लवू म्हणाला आणि त्याने दार लावलं.

आता नेटवर्क कधी जात नाही. रखमाचा फोटो खुर्चीवर टेकवून ठेवलेला आहे, भिंतीत खिळ्याचं भोक तसंच आहे. वैभवला त्याने फोन केलेला नाही. शेजारचं दार रोज वाजतं. वाजलं की लवू उठतो, स्वतःच्या दारापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो. व्हिडिओ मनमोहनच्या फोनमध्ये आहेत. लवूने ते अजून मागितलेले नाहीत.