पुनमची हाक किती वेळा

दर गुरुवारी औसा रोडवरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नसे. लग्नात नवरानवरी बसतात त्या खुर्चीवर नादानंद महाराज आणि शेजारी टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार. समोर भूकंपात माणसं गमावलेल्या बाया. दहा वर्षं होत आली होती, पण रडणं तेच.

"सिंधुबाई, वही क्रमांक चौऱ्याहत्तर. शब्द?"

"पुनम," सिंधुमावशी म्हणाली.

एकेकाळी टायपिंग शिकवणाऱ्या वैजनाथरावांनी कळा दाबल्या. पडद्यावर आकडा आला आणि महाराज उठून उभे राहिले.

"एक हजार एकशे बारा! मागच्या गुरुवारी नऊशे होते. मुलगी हाका वाढवते आहे, माय! देह मातीत जातो, शब्द आकाशात जातो. तुमचे कान तिथवर पोचत नाहीत, आमचं यंत्र पोचतं. त्याला माया नाही, लोभ नाही. ते फक्त मोजतं."

शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

सिंधुमावशी आमच्या गल्लीत शिकवणीच्या पोरांची खानावळ चालवायची. गणपती विसर्जनानंतरच्या त्या भूकंपाच्या पहाटे औसा तालुक्यातलं तिचं घर बसलं. सहा वर्षांची पुनम सापडली नाही, त्यामुळे मावशीनं तिला कधी गेलेली म्हटलंच नाही. आता महाराजांनी सांगितलं होतं की आकडा पाच हजारांवर गेला की पुनम दिसेल. तोवर धान्य वर्ज्य, फक्त ताक. आणि औषध बंद, कारण औषधानं म्हणे आतला कान बुजतो. मावशीला साखरेचा आजार होता. दोनशे पोरांच्या भाकरी थापणारी बाई आता भिंत धरून चालत होती.

तिला सोबत म्हणून मी माझ्या अरीबला कडेवर घेऊन मागं उभी राहायची. दोन वर्षांचा होता. त्या हॉलमध्ये मी त्याला इतकी घट्ट धरायची की तो किंचाळायचा.

त्या गुरुवारी मी पुढं सरकून पडदा नीट बघितला. शोधलेला शब्द जिथं जिथं सापडला तिथं पिवळा रंग आणि बाजूला, किती वेळा सापडला त्याचा आकडा. हे मी रोज बघत होते. वाजिदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या दुकानात दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या होत्या. शिकवणीवाले सर यायचे, "परासरण टाका" म्हणायचे, आणि कोणत्या पेपरात तो शब्द किती वेळा आलाय ते यंत्र दाखवायचं. त्यावरून सर 'हमखास येणारे प्रश्न' छापायचे.

घरी आल्यावर वाजिदला सांगितलं तर तो हसला. "अगं, हा तर आपलाच प्रोग्राम. फक्त हार घातलाय त्याला!"

मग त्यांच्या यंत्रात काय भरलेलं होतं? उत्तर मावशीच्या पिशवीतच होतं. लोक रामनाम वहीत लिहितात ना, तशी तिथं प्रत्येक बाईला वही मिळायची. गेलेल्या लेकराच्या आठवणी लिहायच्या, जितक्या जमतील तितक्या, आणि गुरुवारी चरणी ठेवून नवी न्यायची. आतल्या खोलीत चार पोरं आठवडाभर त्या वह्या टाईप करत.

मी मावशीला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं लेकरू कडेवर हाय, सुमय्या. तुला बोलायला काय जातंय?"

मी अरीबला घेऊन घरी आले.

तीन दिवसांनी तिनंच बोलावलं. हात इतके कापत होते की पेन धरवत नव्हतं. "मी सांगते, तू लिव्ह. आकडा कमी पडला तर पोरगी रुसंल." मी लिहीत गेले. पुनमला खारका आवडायच्या. पुनम शेळीला ताई म्हणायची. आणि मधेमधे, तिला न सांगता, मी नऊ वेळा 'मोबाईल' लिहिलं. पाप केल्यासारखं वाटत होतं. पण तिचे ओठ सुकून फाटले होते, ते मला दिसत होते.

त्या गुरुवारी ती वही चरणी गेली, आणि टाईप होऊन यंत्रात आल्यावर पुढच्या गुरुवारी मी हात वर केला. "महाराज, सिंधुमावशीच्या वहीत 'मोबाईल' शोधा."

महाराजांनी नको म्हणेपर्यंत वैजनाथरावांची बोटं सवयीनं चालून गेली होती. "नऊ," ते म्हणाले.

"पुनम गेली तेव्हा आपल्या अख्ख्या जिल्ह्यात कुणी मोबाईल बघितला होता का?" मी विचारलं. "नऊ वेळा मी लिहिलाय, मागच्या आठवड्यात सोमवारी, माझ्या हातानं. तुम्ही वहीत लिहिता तेच हे यंत्र मोजतं. तुमचंच लिहिणं तुम्हाला परत ऐकवतात."

हॉलमध्ये गलका झाला. महाराज मात्र डगमगले नाहीत. "आत्म्याला काळ नसतो, बेटी! पुढचं मागचं सगळं त्याला ठाऊक." आणि सांगायला लाज वाटते, अर्ध्या बायांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, तिला भायेर काढा! लेकराच्या मायेत खोडा घालायलीय."

तेवढ्यात सिंधुमावशी उठली. टेबल धरून म्हणाली, "वैजनाथराव, एक शब्द टाका. ती मला आई म्हणत नव्हती. दुसरंच म्हणायची. ते मी कंदी लिवलं न्हाई. कुणाला सांगितलं बी न्हाई."

ती त्यांच्या कानाशी वाकली. त्यांनी टाईप केलं आणि पडद्याकडं बघत बसून राहिले.

"किती?"

"ताई, राहू द्या ना."

"किती हाय ते सांगा."

"शून्य."

महाराज काहीतरी बोलत होते, पण आता कुणी ऐकत नव्हतं. हजार हाका मारणारी लेक आईला त्या नावानं एकदाही हाक मारत नाही, हे समजायला त्या बायांना माझी गरज नव्हती. एकेक जण पुढं येऊन आपली वही उचलू लागली.

मावशी मला म्हणाली, "म्हंजी अकराशे येळा मीच हाका मारल्या. तिनं एक बी न्हाई."

"हो, मावशी."

"मग ती गेलीच की गं."

दुपारी तिनं ज्वारीच्या कण्या खाल्ल्या आणि गोळी घेतली. खाताना रडली नाही. भांडं विसळताना रडली, आणि मी तिला अडवलं नाही. तिची आस मी मोडली होती, ते मला कबूल आहे. पण ती जिवंत आहे.

यंत्राच्या पोटात कुणीतरी घातलेलं असतं तेवढंच त्याला सापडतं. म्हणून बायांनो, कुणी तुमच्या दुःखाचा आकडा सांगू लागला तर हात जोडण्याआधी विचारा, हे शब्द आत कुणी घातले? विचारल्यानं देव कोपत नाही, आणि गेलेलं लेकरूही रुसत नाही.