डागाभोवतीचं निळं कडं

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात अभ्यासाला बसाल तर पंचाईत होईल. कारखान्यात मला गडद जांभळी काच बसवली, त्यामुळे माझा बहुतेक प्रकाश अतिनील, म्हणजे माणसांना न दिसणारा असतो. अंधाऱ्या खोलीत मला लावलं की मोठ्या सरांचा पांढरा सदरा मात्र असा चमकतो, की दिवा मी की ते, असा प्रश्न पडावा!

ही खोली द्राक्षवेलींच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. मोठे सर तिथले प्रमुख. तिथल्याच संशोधक बाईंनी मला आणलं, तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! बुरशीशी लढायला काही पानं स्वतःच एक द्रव्य बनवतात आणि ते माझ्या उजेडात निळं दिसतं. काचघरातल्या एका रानवेलीच्या पानांत ते कायम भरलेलं असणार, अशी बाईंची खात्री होती. पण वर्षं गेली, निळं काही दिसेना.

"दिवाच म्हातारा झालाय," सर म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं! मला फार लागलं ते.

चूक होती बाईंच्या टापटिपीत. त्या माझ्यापुढे धुतलेली, निरोगी पानंच ठेवायच्या. डागाळलेलं पान दिसलं की खुडून टाकायच्या.

एकदा काचघरात बुरशी शिरली आणि सगळ्या वेली डागाळल्या.

"उद्या सगळ्या वेली उपटून जाळू," सर म्हणाले.

"रानवेलसुद्धा?"

"तिच्यावरही डाग आहेतच की, बाई."

बाईंचा चेहरा पडला. रानवेलीचं एक शेवटचं पान तपासावं म्हणून त्या गेल्या, पण स्वच्छ पान एकही उरलं नव्हतं. नाइलाजानं त्यांनी डागाळलेलंच आणलं, शेजारच्या वेलीचंही एक आणलं आणि मला लावलं.

काय सांगू मित्रांनो! शेजारच्या वेलीच्या पानावर बुरशी मोकाट पसरली होती. रानवेलीच्या पानावर मात्र प्रत्येक डागाभोवती निळं कडं उमटलं होतं आणि कड्याबाहेर बुरशीचा मागमूस नव्हता. पानाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. तरी त्यानं आपलं औषध आपणच बनवलं होतं, आणि तेही नेमकं घाव बसला तिथं. मी थक्क झालो. इतकी पानं पाहिली मी, पण पान म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"सर, लवकर या हो!" बाई ओरडल्या. "अहो, शत्रू आल्याशिवाय ही हत्यार काढतच नाही. आणि मी वेडी तिच्यापुढे शत्रू येऊच देत नव्हते!"

सर बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हिला हात लावायचा नाही."

बाकीच्या वेली गेल्या. रानवेलीच्या फांद्या लावून काचघर पुन्हा भरलं. आता माझ्या जागी नवं यंत्र आलंय आणि मी कपाटावर धूळ खात पडलोय. कुणी अधूनमधून पुसलं तर बरं वाटेल, एवढंच.

पण तुम्ही माझं एक ऐका. डाग दिसला म्हणून पान खुडायची घाई करू नका, जरा थांबून नीट पाहा. कदाचित त्याच घटकेला ते जिवाच्या आकांतानं लढत असेल, आणि जिंकतही असेल.