जिपेला जवसाचं तेल

धुरपताच्या पत्राला कृष्णरावांनी उत्तर दिलं नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या भंडाऱ्याच्या खोलीवर आलेलं ते पेन्सिलीनं लिहिलेलं पोस्टकार्ड.

"बाबूजी, नमस्कार. सानगडीत टेकचंदच्या नव्या जिपेतून धूर निघून राहिला. महाराज म्हणते का माझी नजर लागली. मशीनले माणसाची नजर लागते काय? तुमी एवढे पुस्तकं वाचले. होय का नाही, एवढंच कागदावर लिहून सही करून पाठवा. गावाले दाखवीन."

एका शब्दाचं उत्तर हवं होतं. कृष्णरावांकडे तो शब्द होता, पण तो पाठवायचा धीर नव्हता. जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत एकतीस वर्षं त्यांनी ग्रंथालय सांभाळलं. तेव्हा धुरपता त्यांच्या क्वार्टरमध्ये धुणीभांडी करायची, आणि त्यांच्या पत्नीनं तिला दुपारी पाटीवर अक्षरं शिकवली होती. आता पत्नी नव्हती, धुरपताचा नवराही नव्हता. यंत्रांची पुस्तकं कृष्णरावांनी कपाटात लावली होती, बरीचशी वाचलीही होती. पण उभ्या जन्मात एक नट फिरवला नव्हता. पुस्तकातलं खरं असतं, पण सानगडीच्या जिपेला ते पुस्तक मान्य असेल का? धूर निळा की पांढरा, हेही पत्रात नव्हतं. चार मसुदे फाडले. पाचव्याच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, म्हणून ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ते साकोलीमार्गे सानगडीला गेले.

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध जीप उभी होती, गळ्यात झेंडूची माळ, बॉनेट उघडं. पुढं बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात वाटी, वाटीत जवसाचं तेल. इंजिनात तेल घालायच्या तोंडावर पितळेचं नरसाळं धरून भैय्यालाल महाराज बसले होते. दाढी छातीपर्यंत, खांद्यावर ओली घोंगडी.

"टाक माय, टाक! शनिवारी मारुतीले तेल, गुरुवारी लोखंडाच्या मारुतीले तेल! जितकी भक्ती, तितकी ॲव्हरेज! ज्याच्या मनात संशय, त्याचा टायर पंक्चर!"

"महाराज, माह्याकडं मोटार नाही," एक म्हातारी म्हणाली.

"मंग तुहे गुडघे पंक्चर! टाक!"

म्हातारीनं घाईघाईनं वाटी उपडी केली.

जिपेचा मालक टेकचंद हात जोडून बाजूला उभा होता. धानाच्या गिरणीचा मालक, गावातला पहिला जीपवाला. मागच्या नोव्हेंबरात नागपूरहून त्यानं ही गाडी आणली होती. तिच्यात टर्बो होता, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा छोटा पंखा. अशी गाडी साऱ्या तालुक्यात नव्हती. सहा महिन्यांत ती धूर ओकायला लागली. टेकचंद विक्रेत्याकडं गेला, तेव्हा तिथल्या हिरालाल नावाच्या माणसानं हळू आवाजात सांगितलं, "शेठ, हे पान्यानं जाणारं दुखणं नाही," आणि महाराजांचा पत्ता दिला. महाराजांनी पहिलीच अट घातली. वर्ष पुरं होईस्तोवर गाडीला पाना लावायचा नाही.

"आता मशीन बोलन!" महाराज ओरडले. "आणा तिले!"

दोघांनी धुरपताला दंडाला धरून ओढत आणलं. अख्ख्या गावात तेल न देणारं घर तेवढं तिचंच होतं.

"काहून वो, तेल काहून नाही देलं?"

"भाजीले तेल नाही माह्या घरी. तुमच्या मोटारीले कुठून देऊ?"

"पाहा! मशीनच्या तोंडाले लागते! भूत बोलून राहिलं हे!"

"आमी छप्पन साली देव सोडले, महाराज," धुरपता म्हणाली, "त्याच दिवशी भूतं बी सोडले. मले कायले विचारता?"

कोणीतरी तिच्या तोंडावर थापड मारली. टेकचंदनं चावी फिरवली. निळसर धुराचा लोट उठला. महाराजांनी खूण केली आणि त्या दोघांनी तिचे दोन्ही हात बॉनेटच्या कडेवर दाबून धरले. टेकचंदनं गाडी रेस केली. एकाएकी इंजिनाचा आवाज चढला, आणखी चढला, पत्रा थरथरू लागला. टेकचंदनं घाबरून पाय काढला, चावी काढली, ती उंच धरून लोकांना दाखवली. इंजिन किंचाळतच राहिलं.

बाया जमिनीवर लोळल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या.

"बस, मारुतीराया, बस! समजलं आमाले!" असं म्हणत महाराजांनी ओली घोंगडी बॉनेटखाली कोंबली. इंजिन खोकलं, थडथडलं आणि मेलं.

मग मेंढ्यांची लोकर कापायची कातर आली. धुरपताचे केस कापताना हसणाऱ्यांत तिच्या शेजारणीही होत्या. मान खाली दाबलेल्या अवस्थेत तिला गर्दीच्या कडेला कृष्णराव दिसले.

"बाबूजी! सांगा ना या लोकायले!"

सगळी गर्दी वळली. कृष्णरावांना माहीत होतं. घोंगडी कुठं कोंबली ते पाहताच त्यांना पुस्तकातलं पान आठवलं होतं, पानावरची आकृतीसुद्धा. पण दोनशे डोळे पाहत होते, आणि पान कदाचित दुसऱ्याच इंजिनाचं असलं तर?

"मी... पुस्तक बघून सांगतो," ते म्हणाले.

गर्दी खदखदून हसली. "पुस्तक पाहून सांगते म्हणे! तवरीक डोस्क्यावर पुन्हा केस उगवन तिच्या!"

धुरपता हसली नाही, रडलीही नाही. तिनं त्यांच्यावरून नजर काढली. सूर्य मावळायच्या आत तिनं गाठोडं बांधून गाव सोडलं.

घरी येऊन कृष्णरावांनी पुस्तक काढलं. जसं आठवलं होतं तसंच सगळं होतं, शब्दन् शब्द. त्यामुळं त्यांना आणखी लाज वाटली, आणि लाजेपायी पुढचे तीन आठवडेही पत्र गेलं नाही.

नोव्हेंबरात भंडाऱ्याच्या बाजारात सानगडीचा एक भाजीवाला भेटला. त्यानं वांगी तोलता तोलता सांगितलं, "धुरपता गाव सोडून गेली, पण जीप अजून धूर सोडून राहिली. आता महाराजानं घरातलंच माणूस काढलं. टेकचंदची भावजय रुखमा. इधवा बाई. येत्या गुरुवारी तिची पाळी."

कृष्णराव वांगी तिथंच विसरले.

गुरुवारी ते आधी टेकचंदच्या घरी गेले. "गाडीसोबत एक पुस्तिका मिळाली असेल. इंग्रजी. ती बघू द्याल का?"

"पुस्तिका?" टेकचंदचा चेहरा खुलला. "देव्हाऱ्यात आहे ना! गाडी आली त्याच दिवशी पुजली. रोज हळदकुंकू वाहतो."

"वाचली का कोणी?"

"देव्हाऱ्यातली वस्तू उघडते काय कोणी?"

लाल कापडातली पुस्तिका कुंकवानं चिकटली होती. कृष्णरावांनी पानं हलक्या हातानं सोडवली. चौदाव्या पानावर जे होतं ते त्यांनी दोनदा वाचलं, मग खात्रीसाठी तिसऱ्यांदा. पुस्तिका काखेत घेऊन ते टेकचंदबरोबर पटांगणाकडं निघाले.

रुखमा जिपेसमोर उभी होती. महाराजांनी कातर आधीच काढून ठेवली होती. तेलाची रांग आटोपली होती.

"थांबा," कृष्णराव म्हणाले. आवाज इतका बारीक की कोणी ऐकलं नाही. ते पुढं गेले आणि जिपेच्या माळेला धरून उभे राहिले. "थांबा. आज मशीन मी बोलवतो. मीच थांबवतो."

"पुस्तकवाले आले!" कोणीतरी ओरडलं.

"हो, पुस्तकवालाच. टेकचंदजी, इंजिनात तेल मोजायची पट्टी असते ती काढा."

पट्टी निघाली. वरच्या खुणेच्याही वर चार बोटं तेल.

"ही खूण म्हणजे पोटभर. ह्याच्या वर तेल गेलं की इंजिनाला अजीर्ण होतं. ह्या गाडीच्या टर्बोत एक सील आहे, तेल अडवणारी चकती. ती फुटली. त्यातून तेल हवेच्या वाटेत जातं आणि जळतं. धूर त्याचा. दर गुरुवारी अख्खं गाव वाट्या भरून तेल आणतं. धुरपतानं धूर आणला नाही. धूर तुम्ही ओतला."

"आणि चावी काढल्यावर चालते ते?" टेकचंदनं विचारलं.

"चावी डिझेल बंद करते. पण हे इंजिन तेव्हा डिझेलवर चालतच नसतं. तुमच्या जवसावर चालतं. ते थांबवायचं तर हवा तोडावी लागते. घोंगडीचा चमत्कार तो एवढाच. ओलं पोतंसुद्धा तेच करेल."

महाराज उठले. "पोत्यात मंत्र नाही! घोंगडीत बारा वर्षांचं तप आहे!"

"गाडी चालू करा," कृष्णराव म्हणाले. "एखादं पोतं भिजवून आणा. आणि रुखमाबाई, तुम्हीच लावा. हात आत घालू नका, नुसतं हवा आत जायच्या ह्या नळीच्या तोंडावर दाबून धरा."

रुखमानं पदर खोचला. टेकचंदनं चावी फिरवली, गाडी रेस केली. इंजिन किंचाळायला लागलं, चावी बाहेर आली, बाया पुन्हा वाकल्या. रुखमानं धानाचं ओलं पोतं नळीच्या तोंडावर दाबलं. इंजिन खोकलं, थडथडलं आणि मेलं.

मग मागून एकजण म्हणाला, "पोतं बी महाराज झालं, बाप्पा!"

त्यानंतरचं कृष्णरावांना पाहवलं नाही. महाराज पूर्वी नागपूरच्या एका गॅरेजात हेल्पर होते, हे त्यांनी तिसऱ्या थापडेला कबूल केलं. हिरालाल त्यांना दर गाडीमागे किती पैसे देतो, हे पाचवीला. ज्या हातांनी धुरपताचं डोकं दाबून धरलं होतं, तेच हात आता दाढी उपटत होते, त्याच उत्साहानं.

"मारू नका," कृष्णराव म्हणत राहिले. ते कोणी ऐकलं नाही.

टेकचंद पुस्तिका उलटीसुलटी करत त्यांच्याजवळ आला. "यात काय लिहून आहे, बाबूजी?"

"निळा धूर दिसताच गाडी उभी करा. वर्षाच्या आत सील फुटलं तर कंपनी टर्बो फुकट बदलून देईल."

"फुकट?"

"सोमवारी वर्ष संपलं."

टेकचंद जमिनीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. चार माणसं त्याचं सांत्वन करायला धावली.

"आणि धुरपताचं काय?" कृष्णरावांनी विचारलं.

"तिचं काय? यायचं असन तं येईन," चौघांतला एकजण म्हणाला. "पण तिच्या छपरावरचे कवेलू तं लोकायनं काढून नेले."

रुखमा पोतं पिळत उभी होती. ती हळूच जवळ आली. "ती पवनीले आहे, चिंधूकडं, भावाकडं. गोठ्यात ठेवलं त्यानं तिले. भाऊ म्हणते, तू चेटकीण नाही असा कागद आण, मंग घरात ये. तिनं सांगितलं, बाबूजीचा कागद येणार आहे. अजून वाट पाहून राहिली."

कृष्णराव सानगडीच्या पोस्टात गेले. खिडकीशी उभ्यानंच कागद मागून घेतला, पाकीट आणि तिकिटं घेतली, आणि मसुदा न करता लिहिलं.

"धुरपताबाईस,

नाही. यंत्राला माणसाची नजर लागत नाही. टेकचंदच्या जिपेचं सील फुटलं होतं आणि गावानं तिच्यात तेल ओतलं होतं. आज शंभर लोकांसमोर रुखमाबाईनं ओल्या पोत्यानं ती बंद केली. तुमचा काडीचा दोष नव्हता.

हे पत्र चार माणसांत वाचून दाखवावं. ऐकणाऱ्यांना माझी विनंती आहे, कोणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. समजलं नाही तर विचारा. आणि ज्याला समजतं त्यानं लगेच बोलावं. मला तुमचं पत्र आलं त्या दिवशीच उत्तर माहीत होतं. मी बोललो असतो तर तुमचे केस गेले नसते, घर गेलं नसतं. ह्याला क्षमा नाही, म्हणून मागत नाही.

कृष्णराव"

पाकिटावर त्यांनी चिंधूचं नाव घातलं आणि खाली धुरपताचं.

"साधं टाकू?" पोस्टमास्तरनं विचारलं.

"रजिस्टर करा. भावाला चारचौघांत सही करून घ्यावं लागू दे."

पोस्टमास्तरनं शिक्का मारला आणि पावती त्यांच्या हातात दिली.