गिअरमध्ये ठेवलेली गाडी

"वैनी, गाडी खोललेली आसा तवसर कसल्याक हात लावू नकात. साधा दारव उघडू नकात, माका इचारल्याबिगर," असं धोंडूकाका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. जान्हवी "हो हो" म्हणाली आणि सोडून दिलं. मेकॅनिक लोक बायकांना असंच सांगतात, असं तिला वाटलं.

धोंडूकाका, म्हणजे धोंडिराम, तिच्या सासऱ्यांच्या गावचे. साकीनाक्याला त्यांचं एका शटरचं गॅरेज. सासरे टुरिस्ट गाडी चालवायचे, ही अठरा वर्षांची डिझेल गाडी त्यांचीच. ते गेल्यावर तिच्या नवऱ्याला, सिद्धेशला, ती विकवेना. दुसरा गिअर आपोआप निसटायचा, सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर. शेवटी नाहूरला, त्यांच्या राहत्या इमारतीसमोरच्या उतारावर ती बंदच पडली, तेव्हा काकाच हत्यारांची पिशवी घेऊन घरी आले.

पहिला दिवस इंजिनाचा. इंजेक्टर साफ करून बसवले, चावी फिरवली आणि काकांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून आतला आवाज ऐकायला त्याची मूठ कानाला लावली. डोळे मिटले. जान्हवीच्या तीन वर्षांच्या लेकीने, पूर्वीने, ते पाहिलं आणि घरी येऊन चमचा फ्रिजला लावला, दुसरं टोक कानाला.

"काय म्हणतो गं फ्रिज?" सिद्धेशने विचारलं.

"भूक लागली म्हणतो."

चहाला घरी आलेले काका हसून हसून बेजार. "सिद्धेश, तुझ्यापेक्षा तुझ्या ह्या चेडवाक जास्त कळता रे!"

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवायचा होता. दुपारपर्यंत काकांनी बॉनेटखालून गिअरच्या केबल सोडवल्या, पुढच्या चाकाला मोठा दगड लावला आणि नाक्यावर जेवायला गेले.

तेवढ्यात जान्हवी पूर्वीला बालवाडीतून घेऊन आली. दगडाला ठेचकाळून पूर्वी पडली, गुडघा फुटला. जान्हवीने तो दगड लाथेने भिंतीकडे सरकवला. पण ती बेफिकीर बाई नव्हे. गाडी उतारावर आहे हे तिच्या लक्षात होतं. या गाडीचा हँडब्रेक नावालाच, म्हणून सिद्धेश गाडी नेहमी गिअरमध्ये ठेवायचा. तिनेही दार उघडलं, पहिला गिअर टाकला, वर हँडब्रेकही ओढला. दांडी हलकीच गेली, रिकाम्या डब्यात चमचा फिरावा तशी. ते तिला जाणवलं. पण पूर्वी रडत होती.

केबल सुटलेल्या होत्या, गिअर पडलाच नव्हता. दांडीच्या खाली काहीच नव्हतं.

ती घरात खिडकीशी पूर्वीचा गुडघा पुसत होती तेव्हा काका परत आले आणि दगड आहेच म्हणून न बघता गाडीखाली सरकले. घट्ट बसलेला बोल्ट सोडवायला त्यांनी पान्याला हिसका दिला. गाडी वीतभर पुढे सरकली आणि थांबली. पाना जमिनीवर पडल्याचा आवाज आला. काकांच्या उजव्या हाताच्या बोटांवर चाक चढलं होतं.

बोटं वाचली. पण दोन बोटांना काही कळणार नाही, डॉक्टर म्हणाले, बधिर राहतील. सिद्धेश सारखा विचारत होता, "काका, तुमच्यासारखा माणूस दगड लावायला विसरतो कसा?"

"लायलंय असाच वाटला होता रे," काका आपल्या बँडेजकडे बघत म्हणाले. "इसारलंय. वय झाला."

जान्हवी पूर्वीची पाण्याची बाटली धरून उभी होती. तिने झाकण उघडलं, बंद केलं. पुढे स्वयंपाक केला, डबे भरले, पूर्वीला गोष्टी सांगितल्या. आत कुठे काही हलत नव्हतं. गाडी दुसऱ्या मेकॅनिकने पूर्ण केली. "झकास चालते गं," सिद्धेश म्हणाला. ती "हं" म्हणाली.

दोन महिन्यांनी ती काकांना बघायला साकीनाक्याला गेली तर शटर बंद. शेजारचा वेल्डर म्हणाला, "हात चालतोय हो थोडा. पण डोक्यावर भरवसा नाही म्हणतात. दगड लावल्याचं साफ आठवतंय, आणि लावला तर नव्हता. मग आणखी काय काय खोटं आठवत असेल, म्हणतात. लेकीकडे गेले वाकोल्याला."

त्या संध्याकाळी तिने सिद्धेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जा. त्यांना सांग."

वाकोल्याला काकांच्या मुलीने, जयंतीने, दार उघडलं. काका खिडकीशी भिंतीकडे तोंड करून बसलेले. बाजूच्या वहीत लिहिलेलं होतं: गॅस बंद केला. पुन्हा बघितला. दाराची कडी लावली. जान्हवीने एका दमात सांगितलं. दगड मी काढला, गिअर मी टाकला, तुम्ही काही विसरला नव्हता.

काकांनी मान हलवली. "वैनी, माझी समजूत घालतास. मन मोठा आसा तुमचा."

"काका, खरंच सांगते."

"खरा सांगूक इतके दिस कोण थांबता?"

जान्हवी उठली. दारापर्यंत सोडायला आलेली जयंती म्हणाली, "चांगुलपणाने आलात, ताई. पण पुन्हा नको. तो विषय निघाला की रात्रभर कडी तपासत बसतात."

जान्हवी आता जात नाही. तिच्या तोंडून ते खरं वाटणार नाही. तुमच्यापैकी कोणी वाकोल्याच्या बाजूला राहत असाल, घरी जुनी डिझेल गाडी असेल, इंजिनाचा आवाज जरा बदललेला वाटत असेल, तर धोंडिराम मेकॅनिक कुठे राहतात विचारा. गाडी खिडकीखाली चालू ठेवून वर जा. ऐकून सांगा म्हणा, काय बिघडलंय. बरोबर सांगतील ते, आणि डोकं शाबूत आहे हे त्यांनाही कळेल. आणि जमलं तर बघा, जेवतात का, खाली उतरतात का. एवढं बघून या.